निलेशला आणायला गेलेली बोट

दौलत परबांना पोहता येत नव्हतं, त्यांना बोट लागायची, आणि समुद्राचं तर त्यांनी वर्षभर तोंड पाहिलं नव्हतं. तरी त्या रविवारी दुपारी ते लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून, मांडीवर नारळ घेऊन आकांक्षाच्या शेजारी बसले होते. मुलीने शंभरदा समजावलं होतं, पण ऐकतील ते बाबा कसले!

बोट छोटी, शिडाची. आकांक्षाच्या ऑफिसातल्या रघुवीर सरांची. सरांचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हापासून ती चालवायची आकांक्षा आणि तिचा धाकटा भाऊ निलेश. लालबागच्या चाळीतली पोरं यॉट चालवतात म्हणून शेजारीपाजारी तोंडावर हसायचे आणि पाहुण्यांना मात्र तीच गोष्ट फुशारकीने सांगायचे. गेल्या फेब्रुवारीत, कुलाब्याच्या टोकाला दीपगृहाच्या पलीकडे, वारा अचानक फिरला, शिडाचा आडवा दांडा गर्रकन वळला आणि निलेश पाण्यात गेला. उकडतंय म्हणून त्याने जॅकेट काढून ठेवलं होतं. कोस्ट गार्डने शोधलं, कोळ्यांनी शोधलं. नाही सापडला तो नाहीच सापडला. आई, शेवंती, तेव्हापासून घराच्या दाराला कडी लावू देत नव्हती.

उपाय सांगितला तो गावच्या गुरवाने, फोनवर. माणूस जिथे गेला तिथे नारळ सोडायचा, नावाने तीन हाका मारायच्या आणि ‘घरी चल’ म्हणायचं. अशी हाक एका माणसाला एकदाच मारता येते. मग घराचा उंबरठा ओलांडेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. आणि वाटेत कुणी ‘माणसं किती?’ विचारलं तर गेलेल्यालाही आपल्या माणसांत मोजायचं. मागे बघितलं किंवा मोजायला चुकलं, की तो उतरून जातो, कायमचा. आकांक्षाचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे बुडाला होता मुलगा आणि काडीला लटकले होते आईबाप. ती हिसकावून घेणारी ही कोण?

दीपगृह मागे टाकून त्या जागी पोचल्यावर तिने शीड सैल सोडलं. दौलतांनी नारळ पाण्यात सोडला. तो बुडाला नाही, तरंगत राहिला.

“निलेशा! निलेशा! निलेशा! घराक चल रे पुता. आवस वाट बघता.”

आई वाट बघतेय, एवढं सांगून झालं. ते पुढे तोंड करून बसले आणि आकांक्षाने बोट बंदराकडे वळवली.

थोडं अंतर गेल्यावर बोटीची मागची बाजू दबली. हळूच, कुणीतरी पाण्यातून वर येऊन बोटीच्या काठावर टेकावं तशी. बोटीचं नाक जरा उचललं गेलं आणि हातातलं सुकाणू जड झालं. आकांक्षाच्या अंगावर सर्रकन काटा आला. निलेश नेहमी तिथेच बसायचा, आणि बोट अशीच चालायची. तिला आनंद झाला. भीती होती, पण आनंद त्याहून मोठा होता. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलावा तसं तिला झालं. पाठीमागे थेंब थेंब पाणी गळत होतं. भिजलेल्या कपड्यांतून गळतं तसं.

“इलो,” बाबा पुटपुटले. तो आल्याचं त्यांनाही कळलं होतं.

पुढे बंदर धुरकट उन्हात पसरलं होतं. नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजं, त्यांच्या मधून धावणाऱ्या टगबोटी, आणि डावीकडे कुलाब्याच्या इमारती, ओल्या फडक्याने पुसल्यासारख्या फिकट. मोठ्या जहाजांच्या वाटेच्या कडेकडेने आकांक्षा बोट नेत होती. एका जहाजाच्या कठड्याशी उभ्या असलेल्या खलाशाने हात हलवला. तिनेही हलवला. मग त्याची नजर तिच्या मागे गेली. त्याचा हात तसाच खाली आला आणि तो कठड्यापासून मागे सरला.

एवढ्यात रेडिओ खरखरला. बंदराच्या कंट्रोलवरून विचारणा होती. मोठं कंटेनर जहाज बाहेर पडत होतं, छोट्या बोटींनी वाट मोकळी ठेवायची होती. बोटीचं नाव, कुठून आलात, कुठे जाणार, आणि बोटीवर माणसं किती?

आकांक्षाचं बोट बटणावर अडलं. नियमाप्रमाणे उत्तर दोन. उद्या बोट उलटली तर रेडिओवर सांगितलेला आकडा धरूनच लोक शोधायला पाण्यात उतरतात. नसलेल्या माणसासाठी कुणाचा तरी जीव जायचा. हे तिला बाबांपेक्षा जास्त कळत होतं. बाबा तिच्याकडे बघत होते. 

“तीन,” ती म्हणाली. “थ्री पर्सन्स ऑन बोर्ड.”

दौलतांनी डोळ्यांना रुमाल लावला. मागे कुणीतरी खोल श्वास घेतला.

थोड्याच वेळात गस्तीची लाँच जवळ आली. कठड्याशी एक गणवेशातला तरुण उभा होता, हातात भोंगा.

“मॅडम, अजून कडेला घ्या! जहाज आलंय!”

“घेतेय!” आकांक्षा ओरडली.

“आणि त्या पाठी बसलेल्या बाईंना जॅकेट का नाही?”

आकांक्षाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “कोणाला?”

“अहो, त्या बाईंना! नखशिखांत भिजल्यात त्या. कुडकुडतायत. टॉवेल तरी द्या काहीतरी!”

लाँच वळली आणि निघून गेली. तिच्या लाटांवर बोट हेलकावत राहिली. कंटेनर जहाज शेजारून गेलं, चाळीच्या चाळी वाहून न्याव्यात तसं, आणि त्याच्या सावलीत क्षणभर संध्याकाळ झाली. दोघांपैकी कुणीही मान वळवली नाही.

“बाई?” दौलतांचा आवाज चिरकला. “मी निलेशाक हाक मारलंय! माझ्या निलेशाक!”

आकांक्षाला संताप आला. असा संताप तिला आयुष्यात आला नव्हता. कोण ही? कुठली? हाक दुसऱ्याची, नारळ दुसऱ्याचा, आणि येऊन बसली तिच्या भावाच्या जागेवर!

“बाबा, मागे बघूया,” ती दात आवळून म्हणाली. “बघितलं की उतरेल ना? उतरू दे. आपण परत जाऊ.”

“परत जावन काय करतलंस? हाक एकदाच मारूची असता.”

“म्हणून हिला घरी न्यायचं?”

 तेवढ्यात दोघांनाही ऐकू आलं: मागे कुणाचे तरी दात थंडीने वाजत होते. आवाज होऊ नये म्हणून ती बाई तोंड दाबून धरत असावी, कारण मध्येच तो थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. आकांक्षाची मान अर्धी वळली होती. ती तिने तशीच परत पुढे आणली. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

जेट्टीला लागेपर्यंत दिवे लागले होते. आकांक्षाने मागे न बघता दोर बांधला. दौलत धडपडत शेवाळलेल्या पायरीवर उतरले आणि बोटीकडे पाठ करून उभे राहिले.  ते रडत होते, आणि लपवत नव्हते.

“बाय माझे,” ते शेवटी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, “तुका कोणी हाक मारूक इलाच नाय काय गो?”

मग त्यांनी उजवा हात मागे केला. “जपान उतर. पायरी निसरडी आसा.”

बोटीची मागची बाजू वर आली. दौलतांची बोटं कुणीतरी धरल्यासारखी मिटली आणि खांदा भाराने किंचित खाली गेला.

आकांक्षाचा फोन वाजला. आई होती.

“इलो गो?” शेवंतीने विचारलं. तिचा आवाज एवढा हलका वर्षभरात झाला नव्हता. “सांग मगे, इलो माझो झील?”

आकांक्षाने नजर फक्त बाबांच्या चेहऱ्यावर ठेवली. 

“आवशीक सांग,” दौलत मान न वळवता म्हणाले, “पावणी येता. सुका लुगडा काढून ठेव म्हणान सांग.”