डुफीची पोटरी आणि मी

मी एक जुनी मापपट्टी आहे, मित्रांनो, आणि माणसांवर माझा फारसा भरवसा नाही. माप देताना श्वास रोखून पोट आत ओढणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. कुमासी शहराच्या बाजारात डुफी कपडे शिवते. तिच्या गळ्यात मी बारा वर्षं लटकले आहे. माझे आकडे पुसट झाले, कडा उसवल्या, तरी "माझी पट्टी खोटं बोलत नाही," असं ती छातीठोकपणे सांगायची. तेव्हा मला भारी अभिमान वाटे.

डुफीला तीन मुलं. तिसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली. पुन्हा दिवस जाऊ नयेत म्हणून ती दवाखान्यातल्या गोळ्या रोज घेई. शेजारी मक्याच्या पिठाचे उकडलेले केंके विकणाऱ्या पोकुआला हे कळलं आणि सगळं बिनसलं.

"अगं, त्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होतात म्हणे! आधी एक पाय सुजतो, मग बाईच जाते!"

"तुला कुणी सांगितलं?"

"मावसबहिणीच्या फोनवर आलंय."

ही बाई अर्धं ऐकून दुप्पट सांगते, हे मला ठाऊक होतं. पण डुफीने त्याच दुपारी दुकानाचा पडदा ओढला आणि मला स्वतःच्या पोटरीभोवती गुंडाळलं. डावी चौदा इंच. उजवी साडेचौदा. तिने पुन्हा मोजलं. तेच आकडे.

मग दिवसातून दहा-दहा वेळा मोजणं सुरू झालं. मला आवळायची, सैल सोडायची, पुन्हा आवळायची. गोळ्यांकडे संशयाने बघायची, मग माझ्याकडे. मी खरंच खोटं बोलतेय की काय, असं मलाही वाटू लागलं.

"मोज, मोज! आता दोन पायांना दोन मापांची पॅन्ट शिव," नवरा ओपाँग म्हणाला.

ती हसली नाही. हातातली गोळी तिने बटणांच्या डब्यात टाकली. "घेतली तर गुठळी, नाही घेतली तर बाळंतपण. मी जगायचं तरी कसं, सांग ना!" म्हणत ती ढसाढसा रडली. ओपाँगचा चेहरा उतरला. त्याने दुकान बंद केलं आणि तिला दवाखान्यात नेलं. मी गळ्यातच होते.

सिस्टर अफ्रिये यांनी रक्तदाब पाहिला, पोटरी दाबून पाहिली. "पाय दुखतो? गरम लागतो? एकाएकी सुजला? धाप लागते, छातीत दुखतं? घरात कुणाला गुठळी झाली होती?"

सगळ्याला नाहीच.

"मशीन कुठल्या पायाने चालवतेस?"

"उजव्या."

"मग तो भरलेला असणारच, बाई! गोळीने धोका थोडा वाढतो, खोटं कशाला सांगू? पण गरोदरपणात तो याहून जास्त असतो. मी विचारलं त्यातलं काहीही झालं, तर पट्टी शोधत बसू नकोस, धावत ये. ही गोळी नकोच वाटली, तर दुसरे उपाय आहेत माझ्याकडे."

"आणि मोजायचं नाही?"

"अगदीच राहवलं नाही तर रविवारी, एकदा."

डुफीने जरा संशयानेच मान हलवली. सिस्टरने सांगितल्याप्रमाणे गोळ्या पुन्हा सुरू केल्या. तरी आठवडाभर तिचा हात पोटरीकडे जाई, आणि ती मुद्दाम एखाद्या गिऱ्हाइकाची बाही मोजायला घेई.

सोमवारी, डुफीकडून रविवारच्या मापाचं ऐकलेल्या पोकुआने विचारलं, "काय गं, काल मोजलास का पाय?"

"अगं बाई! विसरलेच की!" आणि डुफी खळखळून हसली. किती दिवसांनी!

मित्रांनो, आम्हां जुन्या वस्तूंना विसरलेलं खपत नाही. तुमच्या घरात कुणी भीतीपोटी सारखं स्वतःला तपासत असेल, तर चेष्टा करू नका. सोबत जा, जाणत्या माणसाला विचारा. मी तर त्या रविवारी दिवसभर खिळ्यावर नुसती लटकून होते. इतका चांगला रविवार मला कधी मिळालाच नव्हता.