वरचा माझा, खालचा तुझा

जिव्याला लकवा मारला, वाचा गेली, हे मला जव्हारच्या बाजारात कळलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं खोडाळ्याला त्याचं घर गाठलं. त्याची सून रविना पेजेची वाटी घेऊन रडकुंडीला आली होती.

"काका, दोन घास गेले का ठसका लागतो. आता तर तोंडच उघडत नाय. उद्यापर्यंत खाल्लं नाय तर नाकातून नळी घालावी लागंल, असं डॉक्टर बोलले."

जिव्या माझ्याकडे बघत होता. ओळखलं की नाही, देव जाणे.

कंपनीत आम्ही बावीस वर्षं एका पाळीत काढली. कोळशाचे दाणे दाबाच्या भट्टीत सोडायचे, हे काम. मध्ये एक टाकी. तिचा वरचा व्हॉल्व्ह जिव्याचा, खालचा माझा. एकाचा बंद झाल्याशिवाय दुसऱ्यानं उघडायचा नाही. दोन्ही एकदम उघडले, तर भट्टीचा दाब वर उसळून जिव्या भाजलाच म्हणून समजा. आवाज असा की हाक ऐकू येत नसे, म्हणून पान्यानं पाइपवर ठोकायचो. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे माझा बंद, तुझा उघड. तीन म्हणजे पाळी संपली, चहाला चल. आता म्हणे बटण दाबलं की सगळं आपोआप होतं. होईना का. मला त्या दिवसांची फार आठवण येते, खोटं कशाला बोलू.

"बाजूला हो पोरी," मी म्हणालो. "पहिला घास उतरायच्या आत दुसरा कोंबतेस, ठसका लागणारच."

जिव्याच्या चांगल्या हातात एक चमचा दिला आणि तो हात खाटेच्या लोखंडी दांडीवर ठेवला.

"जिव्या, आज वरचा माझा, खालचा तुझा. तू ठोकल्याशिवाय मी सोडणार नाही."

त्यानं चमच्यावर बोटं आवळली. मग त्यानं तोंड उघडलं. मी अर्धा चमचा पेज दिली. त्याचा कंठ हलला आणि दांडीवर दोन ठोके वाजले.

पुढच्या घासाला एकच वाजला. मी थांबलो. रविना चुळबुळायला लागली, तिला डोळ्यांनीच दटावलं.

वाटी संपायला तास गेला. शेवटचा घास उतरला आणि तीन ठोके पडले.

"काय पायजे त्यांना?" रविना घाबरली.

"चहा टाक," मी म्हणालो. "दोघांना. त्याला चमच्यानं देतो."