कपाटातला वारा

आई म्हणायची, "माझ्या कपाटातून वारा येतो." आम्ही म्हणायचो, "हो, आई," आणि एकमेकांकडे बघायचो.

बाबा गेल्यापासून ती एकटीच राहते. या थंडीत मी एकदा न सांगता तिच्याकडे गेले, तर आईसाहेब कपाटाच्या दारांना शाली बांधत होत्या! आईचं डोकं चालेनासं झालं, दुसरं काय? फ्लॅट विकून तिला माझ्याकडे आणायचं, असं दादाने आणि मी परस्पर ठरवून टाकलं आणि खाली 'विकणे आहे'ची पाटीही लावली. आई आमच्याशी बोलेनाशी झाली.

आईच्या सोसायटीचा नवा नियम असा, की घर विकायचं तर ते ऊब किती धरून ठेवतं, वीज किती खातं, याचा दाखला लागतो. त्यासाठी एक तपासनीस बाई आल्या. सगळ्या खिडक्या लावून त्यांनी दारात भलामोठा पंखा बसवला. तो घरातली हवा बाहेर खेचतो, मग जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते. दादा छाती काढून उभा. फ्रिज-एसीच्या दुरुस्तीत त्याचा हात धरणारा गावात कुणी नाही, आणि आईच्या खिडक्यांना रबर त्यानेच लावलेलं.

तरी पंख्याच्या मीटरवर गळती दिसतच होती. बाई धुराची कांडी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरल्या. आईच्या कपाटाशी धूर एकदम उलटा पळाला.

"या कपाटातून वारा येतोय," बाई म्हणाल्या.

आई खुर्चीतून म्हणाली, "अगं बाई! तुम्हालाही भास होतात का?"

कपाट सरकवलं. मागची फळी उकललेली, आणि भिंतीत मूठ जाईल एवढं भोक. दादाने जुना एसी काढला तेव्हा 'उद्या बुजवतो' म्हणून पाइपाच्या भोकापुढे कपाट ढकललं होतं. तो उद्या काही उगवला नाही. दिव्याखाली अंधार, आणि वर आमचा शहाणपणा!

मला रडू येत होतं, हसूही आवरेना. आईचं डोकं ठिकाणावर होतं. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला.

दादाने भोक बुजवलं. पुन्हा पंखा लावला, तर घर पहिल्या श्रेणीत पास.

"आता चांगलं गिऱ्हाईक येईल," बाई म्हणाल्या.

"गिऱ्हाईक कशाला?" आई म्हणाली. "आत्ता कुठे घर उबदार झालंय."

खाली जाऊन 'विकणे आहे'ची पाटी मीच उतरवली.