नोर्बूचा प्याला

लाकडी प्याला नळाखाली धरून सुलेखाने घासणी फिरवली, सुकलेली साय खरवडून काढली, आणि निथळायला पालथा घालता घालता तिचा हात थांबला. हा खिडकीतला प्याला होता, नोर्बूचा.



न्युरेम्बर्गच्या त्या फ्लॅटमध्ये शनिवारी कोणी काय साफ करायचं याचा तक्ता, म्हणजे पुट्झप्लान, सुलेखानेच फ्रिजवर चिकटवला होता. उष्टं भांडं दिसलं की तिला चैन पडत नसे. ऑफिसातले जर्मनसुद्धा तिच्या टापटिपीला टरकून असत. आज तिची पाळी होती आणि हातांनी डोक्याला न विचारता काम उरकलं होतं.

तिच्यासोबत राहणारी डोल्कर तिबेटी. लहानपणी हिमालय ओलांडून भारतात आलेली, पुण्यात शिकल्यामुळे मराठी बोलणारी, आता इथल्या वृद्धाश्रमात नर्स. धाकटा भाऊ नोर्बू तिबेटातच राहिला होता. २००४च्या सप्टेंबरअखेर तोही चोरवाटेने नेपाळकडे निघाला. त्या दिवशी डोल्करने या प्याल्यात लोण्याचा खारा चहा भरून खिडकीत ठेवला, आणि मग रोज तो ओतून ताजा भरत राहिली. घरचं माणूस वाटेला लागलं की त्याचा प्याला भरलेला ठेवायचा, तो पोचेपर्यंत रिकामा होऊ द्यायचा नाही, असं तिने सांगितलं होतं. ज्याची आशा सुटली त्याचाच पालथा घालायचा. सुलेखाला यात काही नवल वाटलं नाही. ती पुण्याहून निघताना आईने हातावर दही घातलं होतं, आणि 'जाते' म्हटल्यावर दटावून 'येते' म्हणायला लावलं होतं.

आज तेविसावा दिवस होता. अलीकडे फोन वाजला की दोघीही दचकत.

डोल्कर दोनला येणार होती आणि पावणेदोन वाजले होते. सुलेखाने पाणी उकळलं, चहापत्ती टाकली, मीठ अंदाजाने घातलं, लोण्याचा गोळा घालून सगळं मिक्सरमधून काढलं. प्याला काठोकाठ भरून तिने खिडकीतल्या जुन्या डागावर बरोबर ठेवला. आपण इंजिनिअर, आणि हे काय चाललंय, याची तिला लाज वाटत होती. पण तेवढ्या दहा मिनिटांत तिकडे डोंगरात काही झालं असेल तर, हा विचारही हटत नव्हता.

किल्ली फिरली. डोल्कर आत आली, कोट न काढता थेट खिडकीपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली.

"हा तू भरलास?"

थाप मारायची असं सुलेखाने ठरवलं होतं, पण जमलं नाही.

"चुकून धुतला गं. दहा मिनिटं रिकामा होता. मग भरला."

डोल्करने प्याल्याला हात लावला. तो अजून गरम होता. मग ती हळूहळू सांगू लागली. परवा काठमांडूहून फोन आला होता. बरोबरचे अकरा जण पोचले, नोर्बू नाही. खिंडीत मागे पडला, एवढंच ते सांगतात. त्यानंतर तिने चहा बदललाच नव्हता. आज घरी आल्याबरोबर प्याला पालथा घालायचा, असं तिने बसमध्ये ठरवलं होतं.

"दार उघडेपर्यंत पक्कं होतं माझं," ती म्हणाली. "आता भरलेला कसा पालथा घालू?"

सुलेखाने तिला खुर्ची ओढून दिली. डोल्कर कोटासकट बसली. मग तिने मिक्सरच्या भांड्यात उरलेला चहा कपात ओतून घेतला आणि एक घोट प्यायली.

"मीठ कमी झालंय," ती म्हणाली. "उद्या थोडं जास्त घाल."