बिघडलेला कुत्रा पाहिजे

आमच्या शाळेत कुत्री शिकत नाहीत. कुत्र्यांना शिकवणारी माणसं शिकतात. हे मी गेली अकरा वर्षं लोकांना सांगतोय, तरी दर आठवड्याला कोणीतरी आपलं कुत्रं काखोटीला मारून दोन जिने चढून येतं आणि धापा टाकत विचारतं, "कुठे बांधू?"

शाळा माझ्या ताईची. ती आधी मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. गाद्यांच्या दुकानाच्या वर एक लांबलचक हॉल भाड्याने मिळाला तेव्हा तिने नोकरी सोडली आणि मलाही माझी सोडायला लावली. ती माणसाने उभं कसं राहायचं, बोलायचं कसं, गप्प कधी बसायचं ते शिकवते. मी पट्टा धरायला शिकवतो. विद्यार्थी तिला बाई म्हणतात, मला सर.

सरावासाठी आमच्याकडे एकच कुत्रा होता, त्याचं नाव हेडमास्तर. तो चौदा वर्षांचा होता आणि इतका शिकलेला, की विद्यार्थ्याने 'बस' म्हणायला नुसतं तोंड उघडलं तरी बसायचा. एकाला शिंक आली तर हेडमास्तर आडवा झाला. त्यामुळे आमचे सगळे विद्यार्थी पहिल्या वर्गात पास व्हायचे आणि बाहेर जाऊन मार खायचे. आमच्या एका पदवीधराला तर वीतभर कुत्र्याने कपाटावर चढवलं आणि मालकीण बाजारातून परत येईपर्यंत खाली उतरू दिलं नाही.

ही तक्रार आम्हाला परवाना देणाऱ्या मंडळाकडे गेली. मंडळाचं पत्र आलं: दोन महिन्यांनी तपासणी, त्याच दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा. खाली एक ओळ जाड अक्षरात होती. 'सरावासाठी किमान एक अप्रशिक्षित प्राणी असणे आवश्यक. अन्यथा परवाना रद्द.'

ताईने जिन्याच्या दाराशी पाटी लावली, पेपरात जाहिरात दिली. 'बिघडलेला कुत्रा पाहिजे.'

फोन भरपूर आले. पण आपला कुत्रा बिघडलाय हे कबूल करायला एकही मालक तयार होईना.

"आमचा बिघडलेला नाही हो, जरा हट्टी आहे."

"हट्टी चालेल," मी म्हणालो.

"पण तुम्ही बिघडलेला म्हणालात. कोणाच्या लेकराला असं बोलतात का?" फोन आपटला.

शेवटी तिघांनी आपापले कुत्रे आणून सोडले. त्यातल्या पहिल्या कुत्र्याने अर्धा सोफा आणि लग्नाचा अख्खा अल्बम खाल्ला होता. ताईने मला शपथ घातली, "हात लावायचा नाही. एक शब्द शिकवायचा नाही. आपल्याला तो असाच पाहिजे." मी मान डोलावली आणि चहा सांगायला खाली गेलो. वर आलो तर कपाटाच्या आडून ताईचा आवाज: "शाबास! परत एकदा."

"ताई!"

"मी काही केलं नाही. नुसतं बघितलं त्याच्याकडे."

तिला ओरडलो खरा, पण दुसऱ्या कुत्र्याच्या वेळी माझाही हात आवरला नाही. काय करणार? तो पट्ट्याला हिसका मारायचा, आणि हिसका मारणारा कुत्रा दिसला की माझी बोटं आपोआप ढिली पडतात. पट्टा ढिला पडला की कुत्रा मागे वळून बघतो, की अरे, याला झालं काय? आणि एकदा का त्याने मागे वळून बघितलं, की संपलं. तिसऱ्याला आम्ही दोघांनी मिळून सुधारलं. तीन चांगली बिघडलेली कुत्री अशी वाया गेली.

रविवारी दुपारी ताईकडे जेवायला बसलो होतो. ताईने भावोजींना तिसऱ्यांदा हाक मारली. "अहो, जेवायला चला!"

भावोजी पेपर वाचत होते. चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात पंपांच्या घरघराटात काढलेली असल्यामुळे आपल्याला ऐकू येत नाही, असं ते सांगतात. खरं तर त्यांना सगळं ऐकू येतं. ज्या ताईच्या नुसत्या भुवईने दांडगी कुत्री खाली बसायची, तिला लग्नाच्या बत्तीस वर्षांत पलंगावरचा ओला टॉवेल काही त्यांच्याकडून उचलून घेता आला नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी.

ताईच्या हातातला डाव हवेतच राहिला. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

"हाकेला येत नाही," मी हळूच म्हणालो.

"ओढलं की उलटं ओढतो."

"गोड बोलण्याला भुलत नाही."

"आणि अनोळखी माणूस दारात आला की गुरगुरतो," ताई म्हणाली. तिचे डोळे चमकायला लागले होते.

"कोण?" पेपरामागून भावोजी म्हणाले.

ते भडकतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला, मंडळाचं पत्र मागून घेतलं आणि दोनदा वाचलं. "प्राणी लिहिलंय," ते म्हणाले. "कुत्रा लिहिलेलं नाही. मग नियमात बसतं." मग त्यांनी अटी घातल्या. चार पायांवर चालणार नाही, गुडघे साथ देत नाहीत, खुर्ची लागेल. पट्टा गळ्यात नाही, कमरेला. चार वाजता चहा. आणि बक्षीस म्हणून बिस्कीट नको, खारे शेंगदाणे.

खारे शेंगदाणे ताईने त्यांच्या ब्लड प्रेशरपायी दोन वर्षांपूर्वी बंद केले होते. 

"रोज मूठभर," ती म्हणाली.

"दोन मुठी."

"दीड. आणि मूठ माझी."

सोमवारपासून भावोजी कामावर यायला लागले.

त्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. त्यांतला एक टपालवाला. नोकरीची बावीस वर्षं झालेली, चार वेळा चावा खाल्लेला, बारीक अंगाचा आणि त्याहून बारीक आवाजाचा. हे का शिकायचंय असं ताईने पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, बावीस वर्षं मी त्यांच्या दारात पत्रं नेतोय आणि ते मला पळवतायत. आमच्यात काहीतरी गैरसमज झालाय. एकदा नीट ओळख व्हावी, एवढंच."

पहिली अडचण भाषेची आली. शाळेचा नियम असा, की कुत्र्याला 'बस' म्हणायचं, 'बसा' नाही. आता त्रेसष्ट वर्षांच्या, चष्मा लावून पेपर वाचणाऱ्या गृहस्थाला 'बस' म्हणायला सहाच्या सहा जणांची जीभ रेटेना.

"संकोच करू नका," ताई कडक आवाजात म्हणाली. "घरी ते माझे मिस्टर आहेत. इथे ते कुत्रा आहेत."

बाकीच्यांना चार दिवसांत जमलं. टपालवाल्याला शेवटपर्यंत जमलं नाही. पण तो मूळचाच रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही अहो-जाहो करणारा.

भावोजी कुत्रा म्हणून अव्वल निघाले. कोणी ओरडलं तर ते पेपराचं पान उलटायचे. पट्टा ओढला तर खुर्चीसकट मागे रेलायचे. एकाने लांबून शेंगदाणे दाखवले. भावोजी आले, शेंगदाणे घेतले आणि पाठ फिरवून बसले. एका बाईंनी त्यांच्या डोक्यावरून लाडाने हात फिरवला, तर ते चक्क गुरगुरले, आणि मग स्वतःच दचकले.

ताई आनंदाने टाळ्या पिटायला लागली. "बघितलंत? वरून हात आला की कुत्र्याला हेच वाटतं! तो बिचारा सांगू शकत नाही."

भावोजी मात्र सांगू शकत होते, आणि एकदा सांगायला लागल्यावर थांबेनात. "शेंगदाणा उशिरा दिलास. मी उठलो तेव्हाच द्यायचा. तू मी परत बसल्यावर दिलास. आता मला वाटणार, बसण्याबद्दलच मिळाला." किंवा, "एकच हाक दहादा मारलीस तर मी दहाव्या हाकेची वाट बघत बसणार. पहिल्या नऊ फुकट." अकरा वर्षं मी हेच फळ्यावर लिहीत होतो. पण कुत्र्याच्या तोंडून ऐकल्यावर विद्यार्थी वह्या काढून लिहून घ्यायला लागले.

एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर आम्ही तिघं चहा पीत बसलो होतो. भावोजींच्या कमरेला अजून पट्टा होता. ते अचानक ताईला म्हणाले, "तुला यात एवढं काय आवडतं गं?"

अकरा वर्षांत हे सगळ्या जगाने विचारलं होतं. एकट्या भावोजींनी विचारलं नव्हतं. ताईने कप खाली ठेवला.

"माणसं येतात ना, तेव्हा खांदे कानाला लागलेले असतात," ती म्हणाली. "मूठ आवळलेली. घरात कोणी ऐकत नाही, कचेरीत ऐकत नाही, आणि आता कुत्राही ऐकत नाही. मग एक दिवस तो माणूस हाक मारतो आणि गप्प राहतो. दुसरी हाक मारत नाही. कुत्रा मान तिरकी करतो, विचार करतो, आणि येतो. त्या वेळचा माणसाचा चेहरा बघायला मिळावा म्हणून मी दोन जिने चढते. कुत्र्याचं काय, कुत्रा चांगलाच असतो."

 भावोजींनी खिशातून एक शेंगदाणा काढला, तिच्यासमोर ठेवला आणि पट्टा सोडायला लागले.

तपासणीच्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला तपासनीस आले. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाईल, आणि चेहरा असा, की हसण्यासाठी वेगळी परवानगी लागत असावी.

"अप्रशिक्षित प्राणी कुठे आहे?"

भावोजींनी हात वर केला.

तपासनिसांनी त्यांच्याकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं, आणि नियमांचं पुस्तक उघडलं. पाच मिनिटं ते वाचत होते. ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की माझी बोटं पांढरी पडली.

"हरकत दिसत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "वय?"

"त्रेसष्ट."

"कुत्र्याच्या हिशेबाने?" त्यांनी समासात भागाकार केला. "नऊ. रंग?"

"सावळा," ताई म्हणाली. "वरून पांढरा."

"चावतो?"

"तोंडाने नाही. शब्दाने."

"श्वानदंशाची लस?"

इथे सगळं अडणार असं मला वाटलं. पण भावोजींनी शर्टाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. वर्षापूर्वी जुन्या पंपघरापाशी फिरायला गेले असताना त्यांना कुत्रं चावलं होतं. पाचही इंजेक्शनं, तारखा आणि डॉक्टरांच्या सहीसकट. तपासनिसांनी तो कागद उजेडात धरून बघितला. "इतकी नीट नोंद फार कमी प्राण्यांची असते," ते पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाले.

परीक्षा सोपी होती. प्राणी हॉलच्या एका टोकाला, विद्यार्थी दुसऱ्या टोकाला. तीन मिनिटांत त्याला आपल्याकडे बोलवायचं, ओढायचं नाही.

आज तरी भावोजी जरा नरमाईने घेतील, अशी आमची आशा होती. छे! पहिला ओरडून थकला. दुसऱ्याने शिट्टी वाजवली, भावोजींनी शब्दकोडं सोडवायला घेतलं. तिसरी रडायच्या बेताला आली. ताई डोळ्यांनी खुणा करत होती, तिकडे त्यांनी बघितलंही नाही. पाच जण ओळीने नापास झाले. निदान एक तरी पास व्हायलाच हवा होता, नाहीतर परवाना गेला; तो आता एकट्या टपालवाल्यावर होता.

तो खिडकीपाशी जाऊन तिरका उभा राहिला, भावोजींकडे थेट न बघता. "येता का?" तो म्हणाला.

"अहो-जाहो," तपासनीस पुटपुटले आणि त्यांनी एक गुण कापला.

टपालवाला गप्प झाला. एक मिनिट गेलं. मग तो चटईवर मांडी घालून बसला आणि शेंगदाणे शेजारी ठेवले, दाखवण्यासाठी नव्हे, नुसतेच. दुसरं मिनिट गेलं. खाली दुकानात कोणीतरी गादी धोपटत होतं, तेवढाच आवाज. बावीस वर्षं फाटकाबाहेर उभं राहिलेला माणूस तो. त्याला कुठलीच घाई नव्हती.

भावोजींनी पेपर खाली केला. चष्म्यावरून बघितलं. मान तिरकी केली. मग पेपराची नीट घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि उठले. पट्टा फरशीवर घासत होता. अख्खा हॉल ओलांडून ते टपालवाल्याजवळ गेले, गुडघे कडाकडा वाजवत चटईवर बसले.

"शाबास," टपालवाला म्हणाला, आणि बरोबर त्याच क्षणाला शेंगदाणा पुढे केला.

त्याचे खांदे खाली आले होते. ताई चष्मा पुसण्यासाठी खिडकीकडे वळली आणि तो पुसतच राहिली.

तपासनिसांनी टपालवाल्याला उत्तीर्ण केलं. मग शेवटच्या रकान्यापाशी थांबले. "एक तांत्रिक मुद्दा आहे. प्राणी हाकेला आला. म्हणजे आता तो अप्रशिक्षित राहिला नाही."

"अहो, घरी येऊन बघा!" ताई उसळली. "पलंगावर टॉवेल बघा!"

"ती घरगुती बाब आहे, बाई. महिन्याभरात दुसरा प्राणी दाखवा."

ताई मटकन खुर्चीत बसली. तेव्हा चटईवरून टपालवाला म्हणाला, "माझ्या वाटेवर एकवीस आहेत. प्रत्येकाचं फाटक मला माहीत आहे. मी मालकांसमोर कुत्र्याला बिघडलेला वगैरे म्हणणार नाही. म्हणेन, आठवडाभर पाहुणा पाठवा."

आणि तसंच झालं. आता दर सोमवारी तो एक नवा, कडकडून भुंकणारा पाहुणा घेऊन जिना चढतो. आम्ही आठवड्यात त्याला सुधारून बसतो, आणि पुढच्या सोमवारपर्यंत दुसरा हजर असतो. परवाना वाचला. नापास झालेले पाचही जण पुन्हा नाव घालून बसले आहेत.

भावोजींची कुत्रेपणातून सन्मानाने निवृत्ती झाली. तपासनिसांनी तसं पत्रच दिलं. पण ते घरी बसेनात. ताईने त्यांना मंगळवारचा तास दिला. पहिल्या दिवशी मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. एका मुलीने विचारलं, "सर, त्या दिवशी तुम्ही नेमके का उठलात?"

भावोजींनी बराच विचार केला. "ते मला अजून कळलेलं नाही," ते म्हणाले. "शब्दकोडं सुटलं होतं, हेही कारण असेल." मग त्यांनी टेबलावरचे सहा पट्टे उचलले आणि पहिल्या रांगेतल्या माणसाकडे बघितलं. "चला. तुम्ही, निळ्या शर्टवाले. या इकडे, खाली बसा. तुम्हाला कमरेला चालेल की खांद्यावरून घेऊ?"