तीन गाठींची स्टिक

त्या रविवारी पप्पांनी माझ्यासाठी जोडलेल्या तीन नव्या स्टिकांच्या शाफ्टवरची नावं झाकून टाकली होती. शाफ्ट म्हणजे गोल्फच्या स्टिकचा दांडा. तो किती ताठ आणि किती लवणारा, हे त्याच्यावर छापलेलं असतं. पप्पांचं म्हणणं असं की ते वाचल्याबरोबर माणसाचा हात खोटं बोलायला लागतो. आपल्या गावात तर ‘ताठ’ एवढं वाचलं की माणूस आधी शड्डू ठोकतो आणि मग चेंडू मारतो. म्हणून त्यांनी दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी वरपासून खालपर्यंत गुंडाळली होती, मोडलेल्या पायाला गुंडाळावी तशी. ओळखायला म्हणून गळ्यापाशी दात साफ करायच्या दोऱ्याच्या गाठी मारल्या होत्या. एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन.

पप्पा दातांचे डॉक्टर होते. डॉ. प्रसेनजीत कांबळे. राजारामपुरीत खाली दवाखाना, वर आमचं घर, त्याच्यावर गच्ची. गच्चीच्या एका बाजूला हिरवी जाळी बांधलेली होती. दुपारी दवाखाना बंद झाला की ते तिच्यात चेंडू मारायचे, आणि मैदानावरच्या मित्रांच्या स्टिकांचे शाफ्ट काढून दुसरे बसवून द्यायचे. प्रत्येकाच्या स्विंगला, म्हणजे स्टिक फिरवायच्या ढबीला, त्याचा त्याचा शाफ्ट लागतो. हात झपकन खाली येणाऱ्याला ताठ, सावकाश येणाऱ्याला लवणारा. चुकीचा बसला की चेंडू भरकटतो आणि शाफ्टचा हिसका हातात परत येतो. हे ते पेशंटला दाढेबद्दल सांगावं तितक्या गंभीरपणे सांगायचे.

मी पुण्यात नोकरी करते. महिन्यातून एकदा घरी यायचे आणि आल्यावर गच्चीवर जायचे. माझ्या स्टिका पप्पांनीच बनवल्या होत्या. दर वर्षी आधीपेक्षा थोड्या ताठ.

त्या दिवशी त्यांनी चेंडूला निळा कागद घासला. दात चावताना कुठे उंच लागतोय हे बघायला डॉक्टर पेशंटच्या दातांत धरतात, तोच कागद. स्टिकच्या तोंडावर पांढरी पट्टी लावली, म्हणजे चेंडू कुठे लागला तिथे निळा ठिपका उमटेल. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी याआधी कधी केली नव्हती. प्लास्टिकची खुर्ची उचलून कठड्याकडे तोंड करून ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

“आज माझं तोंड बघायचं न्हाई,” म्हणाले. “मार, आणि सांग.”

मी तिन्ही स्टिकांनी मारलं. जाळी थडकून मागे झुलत होती. जाळीत चेंडू पुढे कुठे गेला असता ते कळत नाही. ठिपका थोडं सांगतो, बाकीचं खेळणाऱ्यानंच सांगायचं असतं.

“पहिली?”

“चांगली आहे.”

“दुसरी?”

“ही पण चांगली आहे.”

“तिसरी बी चांगलीच आसल.”

“हो.”

त्यांची पाठ हसली. “प्रिया, चांगला चहा आसतो. स्टिकला चांगली म्हणून भागत न्हाई. हलकी वाटती का, मागं राहती का, हातात झोंबती का, काय तर बोल की.”

मी म्हटलं, खरंच तिन्ही चांगल्या आहेत. तेवढ्यात आई चहा घेऊन वर आली आणि म्हणाली की पोरीला दोन दिवसांची सुट्टी आहे, तिला जरा बसू द्या. पप्पांनी खुर्ची फिरवली. माझ्या हातमोज्याकडे बघितलं. गोल्फमध्ये हातमोजा एकाच हातात घालतात, डाव्या. मी तो काढून खिशात ठेवला.

“सावकाश सांग,” ते म्हणाले. “उद्या सांग. मी थांबतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे बाळासोकाकांबरोबर कळंब्याच्या तलावावर फिरायला गेले. बाळासोकाका त्यांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांची फौंड्री आहे, आणि गोल्फ पप्पांनाही त्यांनीच लावलं. बांधावर चालता चालता पप्पा कडेला बसले, म्हणाले, जरा थांब, आणि पुन्हा उठले नाहीत.

पप्पांच्या पुण्यानुमोदनाला, आमच्याकडच्या श्रद्धांजलीच्या सभेला, हॉल भरून माणसं आली होती. वंदना झाली, पुढे उभं राहून एकेक जण बोलला. मी ऐकत होते, पण बघत होते त्यांची तोंडं. त्यांतल्या कितीतरी तोंडांत पप्पांनी बसवलेले दात होते. माणसं गहिवरून बोलत होती आणि ते दात मध्येच दिसत होते, पांढरे, सरळ, नीट घासून बसवलेले. एक म्हातारे गृहस्थ माझ्या डोक्यावर हात ठेवून रडले. त्यांच्या उघड्या तोंडाकडे बघून मला वाटलं, पप्पा किती ठिकाणी विखरून राहिले आहेत, आणि यांतल्या एकालाही मी ओळखत नाही.

त्यानंतर घरात गोष्टी सुरू झाल्या. भुताटकी म्हणावं असं काही नाही. दवाखान्यातली खुर्ची जुनी आहे. पेशंटला वर घेऊन ठेवली की तासाभरात आपोआप खाली येते, लांब श्वास सोडल्यासारखा आवाज करत. पप्पा होते तेव्हाही ती तेच करायची, फक्त तेव्हा कुणी ऐकत नव्हतं. आता मी खाली पुस्तकं आवरायला गेले की ती हळूहळू खाली बसायची, आणि ती पूर्ण बसेपर्यंत मला पाठ फिरवता यायची नाही. मी ती वर केलेली नसायची. आईनंही नाही.

स्टिकांच्या मुठींना लवंगेच्या तेलाचा वास होता. पप्पांच्या बोटांचा वास. स्टिक हातात घेतली की तो माझ्या तळव्याला लागायचा आणि जेवतानाही जायचा नाही.

आणि आईला दुपारी जाळीचा आवाज यायचा. तिनं हे घाबरून सांगितलं नाही. भाजी निवडताना मान वर करून म्हणायची, “आज जरा उशीर झाला ह्यांना.” मी वर जाऊन बघायचे. जाळी झुलत असायची. राजारामपुरीत दुपारी वारा नसतो असं काही नाही.

एकदा मी खाली येऊन म्हटलं, वारा आहे. आई म्हणाली, “व्हय, वाराच आसल. चहा टाकू का?”

दवाखाना भाड्यानं द्यायचं ठरलं. एक तरुण डॉक्टर बाई येणार होत्या. त्यांना गच्चीवर मशीन बसवायचं होतं, जाळी काढून जागा मोकळी करून हवी होती. पप्पांच्या स्टिका मैदानावर शिकणाऱ्या पोरांना द्यायच्या, हे बाळासोकाकांनी सुचवलं आणि आईला पटलं. माझ्या जुन्या स्टिकाही त्यांतच दिल्या. राहिल्या त्या तीन, गाठी मारलेल्या. काका म्हणाले, यांतली एक तू ठेव, तुझ्यासाठीच बनवलेली आहे. मी विचारलं, कुठली? ते म्हणाले, ते त्यालाच ठाऊक.

चिकटपट्टी सोलून नाव वाचणं सोपं होतं. मी दोनदा नखानं टोक उचकटलं आणि दोन्ही वेळा पुन्हा चिकटवलं. नाव कळलं असतं. पण त्यांना माझ्याकडून काय ऐकायचं होतं ते नावात नव्हतं. ते उत्तर द्यायचं तर जाळी असेपर्यंतच देता येणार होतं.

जाळी काढायला काका स्वतः आले, पक्कड आणि शिडी घेऊन. सकाळचं ऊन होतं. शिडीवर चढायचं सोडून ते पप्पांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि गुडघे चोळत राहिले. म्हणाले, तुझा बाप अवघड माणूस होता. स्टिक दुरुस्तीला दिली तर आधी म्हणायचा, आ कर. दात बघायचा, मग स्टिक बघायचा, आणि दोन्हीला एकच बोलायचा, जरा आधी का आला नाहीस.

मी हसले. मग त्यांना विचारलं, जे इतके दिवस विचारलं नव्हतं. त्या सकाळी बांधावर पप्पा काय बोलत होते.

काकांनी हातातली पक्कड एकदा उघडली, मिटली.

“तुझंच चाललं होतं,” म्हणाले. “सांगू का? वाईट वाटून घ्यायचं न्हाई.”

“सांगा.”

“म्हणाला, बाळ्या, पोरीला ताठ शाफ्ट सोसत न्हाई. हात बघूनच कळतंय. मारून झालं की डावा हात मांडीला घासती. मी म्हटलं, मग बदल की, तुझाच कारखाना हाय. तर म्हणतोय कसा, बदलीन. पण तिनं सांगूदे. तिनं मला आजपतोर एकदा बी सांगितलं न्हाई.”

काकांनी पक्कड मांडीवर ठेवली. त्यांनी खाली बघितलं.

मला दवाखान्याची खुर्ची आठवली. लहानपणी मी तिच्यात बसायचे तेव्हा माझे पाय अर्ध्यातच संपायचे. पप्पा प्रत्येक पेशंटला सांगायचे तेच मला सांगायचे. तोंड उघडं असतं, बोलता येत नाही, म्हणून दुखलं की डावा हात वर करायचा. हात वर झाला की मी थांबतो. लगेच थांबतो. मोठी मोठी माणसं, तालमीतले पैलवानसुद्धा, दोन-तीनदा हात वर करायची. मी कधी केला नाही. खुर्चीचा हात घट्ट धरून छतावरच्या पंख्याकडे बघत राहायचे. पप्पा बाहेर येऊन बसलेल्या पेशंटना कौतुकानं सांगायचे, आमची प्रिया हात वर करत न्हाई. पुढच्या वेळी हात वर करणं अवघड होऊन बसायचं.

आणि हात वर झाला नाही म्हणजे दुखत नाही, हे त्यांनी धरून चाललं. सगळं आयुष्य त्यांनी माणसांना तसंच ओळखलं होतं. म्हणून माझ्या स्टिका दर वर्षी थोड्या ताठ होत गेल्या. पोरीला पेलतंय असं त्यांना वाटत होतं. कधीतरी त्यांनी माझा हात मांडीला घासताना बघितला, आणि नावं झाकली, आणि पाठ केली.

“काका, जाळी काढायचं जरा थांबवाल?” मी म्हटलं.

ते उठले. खुर्ची उचलून त्यांनी कठड्याकडे फिरवली आणि पाठ करून बसले. पप्पांनी त्यांना हेही सांगितलेलं असावं.

“मी बघत न्हाई,” म्हणाले. “मार तू.”

त्या रविवारचाच कुर्ता माझ्या अंगात होता, हातमोजा अजून त्याच्या खिशात. कुर्ता अजून धुतला नव्हता. मी हातमोजा डाव्या हातात चढवला. स्टिकांच्या तोंडावर त्या रविवारचे निळे ठिपके तसेच होते. पट्टी बदलायला हवी होती, पण बदलली नाही.

एका गाठीची घेतली. ती मागे राहिली, हात खाली पोचला तरी टोक अजून येतच होतं. चेंडू लागल्याचं नीट कळलंही नाही. जाळी थडकली. खाली स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला. आई ऐकत होती.

दोन गाठींची घेतली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं खूप होतं आणि सोपं होतं. ती माझ्याबरोबर वर गेली, वर क्षणभर थांबली, आणि माझ्याबरोबर खाली आली. कुणी हात धरून पायऱ्या उतरावं तशी.

तीन गाठींची मी जरा वेळ नुसतीच धरून उभी राहिले. लवंगेचा वास आला. काका समोर कठड्याशी बसले होते, पण माझ्या मागे, जिथे पप्पा एरवी उभे असायचे, तिथली जागा रिकामी नव्हती. हे मी जसं आहे तसं लिहिते आहे. मागे कुणी श्वास धरून उभं असलं की आपली मान ते ओळखते. मी वळून बघितलं नाही. त्यांनी सांगितलं होतं, तोंड बघायचं नाही.

मारलं. हिसका मनगटातून कोपरापर्यंत आला आणि तिथे बसला, नेहमीच्या जागी. इतकी वर्षं मी त्याला गोल्फ समजत होते. डावा हात मांडीकडे निघाला. मी तो अर्ध्यात थांबवला.

जाळी झुलायची थांबली. कुणी काही विचारलं नाही. काकांची पाठ हलली नाही. पायऱ्यांवर आईची चाहूल शेवटच्या पायरीआधी थांबली.

मी डावा हात वर केला. हातमोज्यासकट, कानाच्या वर, लहान मुलं वर्गात करतात तसा सरळ.

“दुखतंय, पप्पा,” मी म्हटलं. “ही दुखते. पहिल्यापासून दुखतंय.”