हिरवा म्हणून शिवलेला

मी एक जुना गडद हिरवा ब्लेझर आहे. निदान आमच्या घरात तरी मला तसेच म्हणतात. मित्रांनो, तुम्ही मला उन्हात धरलेत तर तुम्हाला वेगळेच काही दिसेल. पण लगेच बोलू नका. आधी माझी गोष्ट ऐका.

मेंढ्यांच्या अंगावरची लोकर कातरून, धुऊन, पिंजून तिचा धागा झाला. मग तो रंगात बुडाला आणि मागावर चढला. एकाच विणीचे आणि एकाच जाडीचे दोन तागे उतरले. एक गडद हिरवा, दुसरा गडद तपकिरी. दुसरा म्हणजे मी. आम्ही दोघे एका दुकानाच्या फळीवर सख्ख्या भावांसारखे अंगाला अंग लावून पडून असायचो. दुकानही दोन भावांचेच होते. थोरला कापड दाखवायचा आणि धाकटा आतल्या खोलीत शिवायचा. धाकट्याला सगळे मास्तर म्हणत.

एका दुपारी एक नवराबायको दुकानात आले. त्यांच्या लेकीला पदवी मिळणार होती आणि त्या समारंभासाठी नवऱ्याला ब्लेझर शिवायचा होता. बाई मोठ्या चोखंदळ. त्यांनी तागे उलगडायला लावले, कापडाचे टोक मुठीत चुरगळून सोडले, सुरकुती किती वेळात जाते ते पाहिले.

"दारात आणा हो जरा," त्या थोरल्याला म्हणाल्या. "ट्यूबलाइटखाली सगळीच कापडं शहाणी दिसतात."

दारातल्या उजेडात त्यांनी माझ्या भावाला नवऱ्याच्या खांद्यावर टाकले आणि शेजारी स्वतःची गडद हिरवी शाल धरली. दोन्ही रंग असे मिळाले, जणू एकाच भांड्यातून निघाले होते. मग माझी पाळी आली.

"शी! चिखलात लोळून आल्यासारखे दिसताय," बाई म्हणाल्या.

"मला तर दोन्ही सारखेच दिसतात."

"तुमचं काय सांगता? तुम्हाला कच्चा टोमॅटो आणि पिकलेला टोमॅटोसुद्धा सारखाच!"

दोघेही हसले. थोरलाही हसला.

मित्रांनो, रंग नुसता कापडात नसतो. उजेड, कापड आणि डोळा या तिघांचे जमले तर तो दिसतो. त्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या साहेबांच्या, डोळ्यांत जन्मापासूनच एक उणीव होती. गडद हिरवा आणि तपकिरी त्यांना वेगळे दिसत नसत. लहानपणी त्यांनी शाळेत एक झाड काढले होते. खोड हिरवे, पाने तपकिरी. गुरुजींनी ते चित्र सगळ्या वर्गापुढे उंच धरले आणि वर्ग पोट धरून हसला. त्या दिवसापासून त्यांनी कोणत्याही परक्या माणसाला रंग विचारला नाही. लग्नानंतर विचारायची गरजही उरली नाही, कारण मोज्यांपासून छत्रीपर्यंत सगळे बाईच निवडत. हे मला नंतर कळले. बाईंनी ते एकदा लेकीला सांगितले, तेव्हा मी खोलीतच होतो.

"सकाळच्या उजेडात पुन्हा एकदा बघते आणि मग मापं देऊ," असे सांगून बाई उठल्या. थोरल्याने दोघांच्या देखतच आम्हाला एकावर एक ठेवून बाजूला काढले. हिरवा वर, मी खाली.

ती सकाळ आलीच नाही. बाई आजारी पडल्या, आणि आजार साधा नव्हता. इस्पितळातल्या खाटेवरून त्यांनी नवऱ्याला सांगितले, "कापड ठरलंय. तुम्ही नुसती मापं देऊन या. मी समारंभाला आले नाही तरी तुमचा ब्लेझर आणि माझी शाल शेजारी शेजारी बसली पाहिजे."

साहेब एकटेच दुकानात आले. थोरला नेमका परगावी गेला होता. गळ्यात टेप अडकवून मास्तर बाहेर आले आणि त्यांनी आम्हाला टेबलावर घेतले. घेताना आम्ही उलटे झालो. आता मी वर होतो.

"दादा हे दोन बाजूला ठेवून गेलेत. यातला कुठला ठरलाय?"

त्या दुकानाची एक रीत होती. कात्री लावण्याआधी गिऱ्हाइकाने कापडावर तळहात ठेवून "हाच" म्हणायचे, कारण कापलेले कापड पुन्हा ताग्यात जात नाही. साहेब आमच्याकडे बघत राहिले. "यातला हिरवा कुठला?" एवढेच विचारायचे होते. त्यांचे ओठ हललेही. पण मास्तर समोर उभे होते, बाकावर दोन गिऱ्हाइके बसली होती, आणि साहेबांना बहुधा तो वर्ग आठवला असावा. बाईंचे कापड वर ठेवले होते, हे मात्र त्यांना पक्के आठवत होते. त्यांनी माझ्यावर हात ठेवला. तळहात घामाने ओला झाला होता.

"हाच."

मला ओरडावेसे वाटले. पण कापडाला कुठे तोंड असते?

मास्तरांनी खडूने आखले, कापले, कच्चे टाके घातले, आतून अस्तर लावले. साहेब काळजीने वाळले होते, म्हणून शिवणीत भरपूर माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, ठेवली. पुढे अंगाने भरले की उसवून सैल करता येईल, असा विचार त्यामागे होता. काम देखणे झाले. चूक तेवढी रंगाची होती, आणि ती मास्तरांना ठाऊकच नव्हती.

मला घालून साहेब थेट इस्पितळात गेले. खाटेजवळ लेक बसली होती. मला पाहताच ती म्हणाली, "बाबा, हा तर..." आणि थांबली. बाईंनी तिचे मनगट घट्ट धरले होते.

"जवळ या बघू," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या कॉलरवरून हात फिरवला. त्यांची बोटे गार होती. "किती छान दिसतोय हो हा हिरवा तुम्हाला."

"खरंच?"

"अगदी मला हवा होता तसा."

मला काढून खुर्चीच्या पाठीवर टाकून साहेब पाणी आणायला गेले, तेव्हा बाईंनी लेकीला त्या शाळेतल्या झाडाची गोष्ट सांगितली. "त्यांना कधी सांगू नकोस. पुन्हा शिवून घ्यायला मला वेळ नाही. आणि हे कळलं, तर ते जन्मभर त्या वर्गात उभे राहतील."

समारंभाला बाई नव्हत्या. साहेबांनी शेजारच्या खुर्चीवर त्यांची शाल घडी करून ठेवली. मागून आत्याबाई कुजबुजल्या, "दादा, रंग काही जुळला नाही बरं का..."

"आत्या, चल, तुझा फोटो काढायचाय," म्हणत लेकीने त्यांना हाताला धरून उठवले.

नंतरची कितीतरी वर्षे साहेबांनी मला प्रत्येक कार्यात घातले. "हा हिने निवडलेला हिरवा," असे ते प्रत्येकाला सांगत, आणि लोक मान डोलवत. मी मात्र मनातून खजील व्हायचो. जिने मला चिखल म्हटले, तिच्या आवडीचा मान मी मिरवत होतो. पुढे साहेबांचे बाहेर जाणे कमी झाले. मी कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात पडून राहिलो, आणि कसरीने माझ्या कोपराला भोक पाडले.

एकदा साहेबांनी मला हवेला काढले, तेव्हा त्यांची नात धावत आली.

"आजोबा, तुम्ही हिरवा हिरवा म्हणता, पण हा तर चॉकलेटी आहे!"

लेक हातातले काम टाकून धावली. "गप्प बस गं! काहीही बोलतेस!"

"तिला कशाला रागावतेस?" साहेब म्हणाले. "मला माहीत आहे."

लेक त्यांच्याकडे वळली. "कधीपासून?"

"इस्पितळातल्या त्या दिवसापासून. तुझी आई माझ्या साध्या रुमालालासुद्धा नावं ठेवायची. त्या दिवशी बाही बघितली नाही, बटण बघितलं नाही, कशालाच नाव ठेवलं नाही. तेव्हाच समजलो, काहीतरी मोठं चुकलंय, आणि माझं चुकणार ते रंगातच."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"अंगात बळ नसताना तिने माझ्यासाठी एवढं निभावून नेलं. ते मी मोडायचं होतं का?"

त्यांनी मला पुन्हा अंगात घातले. मी आता फार सैल होत होतो. शिवणीतली माया तशीच राहिली होती. ती उसवायची वेळ कधी आलीच नाही.

आता साहेबही नाहीत. परवा लेक मला घेऊन लाँड्रीत गेली. तिथल्या माणसाने मला उलटेसुलटे केले आणि पेन उचलले. "एक ब्लेझर, चॉकलेटी."

"गडद हिरवा लिहा."

"अहो ताई, हा तर..."

"लिहा हो."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा तिच्याकडे, आणि तसेच लिहिले.

मित्रांनो, जुन्या लोकरी कपड्यांना अधूनमधून ऊन दाखवा. भोक लहान असतानाच रफू करून घ्या. आम्ही कुणाचे तरी खांदे सांभाळलेले असतात. आणि मला उन्हात धरलेच, तर काय म्हणायचे ते आता तुम्हाला ठाऊक आहे.